घरगुती स्नोब्लोअर : जोडणी, हंगामापूर्वीची तयारी आणि सुरक्षित वापर

सरोवरकाठ (बफेलोजवळ, न्यूयॉर्क राज्य)

बफेलो, रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज या पट्ट्यात पहिल्यांदाच स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून ऑक्टोबरच्या सुमारास एक प्रश्न हमखास येतो : स्नोब्लोअर, म्हणजे दारातला बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र, कोणता घ्यावा? त्यापुढचे दोन प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. घरी आलेले यंत्र नीट जोडायचे कसे, आणि ते चालवताना हातपाय शाबूत राखायचे कसे? या धाग्यात मुख्यतः या दोन प्रश्नांविषयी लिहीत आहे. इतर भागांतील सभासदांनी आपापल्या हवामानानुसार भर घालावी, अशी विनंती आहे.

आमच्याकडचा बर्फ सरोवरामुळे पडतो. नोव्हेंबरमध्ये इरी सरोवराचे पाणी अजून उबदार असते. त्यावरून वाहत येणारी गार हवा बाष्प उचलते आणि किनाऱ्यावर पोचताच ते एखाद्या अरुंद पट्ट्यात ओतते. नोव्हेंबर २०१४ आणि नोव्हेंबर २०२२ या दोन्ही वेळी बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत ६ फुटांच्या आसपास किंवा त्याहून अधिक बर्फ पडला, आणि २०१४ मध्ये तर काही मैल उत्तरेकडे राहणाऱ्यांच्या दारात जेमतेम काही इंच होता. असा बर्फ फावड्याने काढणे तरुण आणि धडधाकट माणसालाही झेपत नाही, म्हणून यंत्र लागतेच. परंतु त्याच हंगामात कधी भुरभुरीत, कधी पाण्याने जड झालेला, तर कधी नांगराने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीने, दाबून टाकलेला बर्फ समोर येतो, आणि प्रत्येक प्रकारात यंत्र वेगळे वागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की जोडणी आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय मानू नयेत. पुढचे पाते चुकीच्या उंचीवर असले, बेल्ट सैल असला किंवा पेट्रोल शिळे असले, तर यंत्र बर्फाने तुंबते किंवा बंद पडते. आणि तुंबलेले यंत्र समोर असताना, अंधारात, ऑफिसची वेळ होत आलेली असताना, माणसाचा हात आपोआप त्या तोंडाकडे जातो. अपघात त्या क्षणी होतो, पण त्याची तयारी ऑक्टोबरमध्येच झालेली असते.

मोठ्या दोन टप्प्यांच्या यंत्रात समोर जो आडवा, मळसूत्री फिरणारा भाग दिसतो तो ऑगर. तो बर्फ कापून मध्यभागी ओढतो. त्याच्या मागे इम्पेलर नावाचा पंखा असतो. तो त्याहून कितीतरी वेगाने फिरतो आणि बर्फ वरच्या नळकांड्यातून, म्हणजे शूटमधून, दूर फेकतो. इंजिनाची शक्ती बेल्टमधून इम्पेलरच्या दांड्याला आणि तेथून गिअरबॉक्समार्फत ऑगरला मिळते. ही साखळी डोक्यात पक्की असली की पुढच्या सूचनांमागचे कारण सहज लक्षात येते.

खोक्यातून आलेल्या यंत्राचा हँडल दुमडलेला असतो. तो उघडून बोल्ट घट्ट करावेत, शूट आणि तो फिरवण्याची दांडी बसवावी, गिअरचा दांडा जोडावा. हे काम फार कठीण नाही. लोक विसरतात त्या गोष्टी पुढच्याच आहेत. पहिली म्हणजे ऑइल : नव्या इंजिनात ऑइल भरलेले असेलच असे नाही, म्हणून यंत्र सपाट जागी ठेवून काडीवर पातळी पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करण्याची दोरी ओढू नये. थंडीसाठी बहुतेक उत्पादक ५डब्ल्यू-३० सुचवतात, तरी पुस्तिकेत लिहिलेले असेल तेच प्रमाण. दुसरी म्हणजे टायरमधील हवा : वाहतुकीसाठी ती कधी कधी मुद्दाम जास्त भरलेली असते. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत आणि दोन्ही बाजूंना समान ठेवावी. ती असमान असली तर यंत्र एका बाजूला ओढते आणि समोरचे पाते तिरके टेकते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंचे स्किड शू, ज्यांच्यावर यंत्राचे तोंड टेकून सरकते. डांबरी किंवा काँक्रीटच्या सपाट ड्राइव्हवेवर (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या गाडीच्या वाटेवर) खालची खरवडपट्टी जमिनीपासून साधारण १/८ इंच वर राहील असे बसवावे. सोपी रीत अशी की यंत्र सपाट जमिनीवर उभे करावे, खरवडपट्टीच्या दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे सरकवावेत, शूचे बोल्ट सैल करून शू जमिनीला टेकवावेत आणि मग घट्ट करावेत. ड्राइव्हवे खडीचा असेल तर तोंड इंचभर किंवा थोडे अधिक वर ठेवावे, कारण इम्पेलरमध्ये गेलेला खडा शेजाऱ्यांच्या काचेपर्यंत सहज पोचतो. खाली राहिलेल्या पातळ थरावर मीठ किंवा वाळू टाकता येते.

चौथी गोष्ट म्हणजे हँडलवरचे दोन लिव्हर. एक चाके चालवतो, दुसरा ऑगर फिरवतो, आणि दोन्ही धरून ठेवले तरच काम करतात. मोकळ्या जागी इंजिन सुरू करून ऑगरचा लिव्हर दाबावा आणि सोडावा. ५ सेकंदांच्या आत ऑगर पूर्ण थांबला पाहिजे. थांबत नसेल तर केबलचे समायोजन चुकले आहे आणि ते सुधारेपर्यंत यंत्र वापरू नये. बऱ्याच यंत्रांत दोन्ही लिव्हर दाबल्यावर ऑगरचा लिव्हर आपोआप खाली अडकून राहतो, जेणेकरून एक हात शूट फिरवायला मोकळा मिळतो. चाकांचा लिव्हर सोडताच दोन्ही सुटले पाहिजेत, हेही पाहून घ्यावे. लिव्हर दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवण्याची कल्पना कोणी सुचवली तर ती कृपया ऐकू नये. नवा बेल्ट पहिल्या काही तासांच्या वापरात थोडा ताणला जातो, म्हणून ही तपासणी पहिल्या एक-दोन हिमवर्षावांनंतर पुन्हा करावी.

पेट्रोल ताजे असावे आणि त्यात इथेनॉल १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्रासाठी आणलेले पेट्रोल नोव्हेंबरमध्ये स्नोब्लोअरमध्ये ओतणे हे कार्ब्युरेटर चोंदण्याचे सर्वांत साधे कारण आहे. पेट्रोल घराबाहेर, इंजिन थंड असताना भरावे; डबा पंपावर भरताना गाडीच्या डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवावा.

शेवटचे, जमीन गोठण्यापूर्वी करायचे काम. ड्राइव्हवेच्या कडेने उंच खुणेच्या काठ्या रोवाव्यात, पायपुसणी, पाण्याची नळी आणि मुलांची खेळणी उचलावीत. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते : दिवाळीच्या माळांची आणि आकाशकंदिलाची वायर बाहेर जमिनीवरून नेलेली असते आणि नाताळपर्यंत तशीच राहते. बर्फाखाली ती दिसत नाही आणि ऑगरभोवती घट्ट गुंडाळली जाते.

नवे_घर_रॉचेस्टर

सविस्तर लेखाबद्दल आभार. आमचा ड्राइव्हवे दोन गाड्यांच्या रुंदीचा, डांबरी आणि साधारण ५० फूट लांब आहे. लहान, एक टप्प्याचे यंत्र घ्यावे की मोठे, याचा निर्णय होत नाही. गॅरेजमध्ये जागाही थोडीच आहे. शिवाय एका ओळखीच्या गृहस्थांकडे १९७० च्या दशकातले जुने, दणकट लोखंडी यंत्र अगदी स्वस्तात मिळत आहे, ते घ्यावे का?

सरोवरकाठ

एक टप्प्याच्या यंत्रात पंखा वेगळा नसतो. रबरी पात्यांचा ऑगरच बर्फ उचलतो आणि फेकतो. ती पाती जमिनीला घासतात, म्हणून डांबरी पृष्ठभाग अगदी स्वच्छ होतो, यंत्र हलके असते आणि कोपऱ्यात मावते. पण खडीवर ते मुळीच चालवू नये, आणि ६ ते ८ इंचांपेक्षा जास्त किंवा दाबलेल्या बर्फात ते दमते. रॉचेस्टरचा विचार करता, जागा काढणे शक्य असेल तर दोन टप्प्यांचे २४ इंच रुंदीचे यंत्र घ्यावे असे माझे मत आहे. त्याहून रुंद घेण्याची गरज तुमच्या ड्राइव्हवेला दिसत नाही. रुंदी वाढली की वजनही वाढते आणि वळवताना पाठीवर ताण येतो.

जुन्या यंत्राबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : घेऊ नये. त्या काळच्या अनेक यंत्रांत लिव्हर सोडल्यावर ऑगर आपोआप थांबण्याची सोयच नव्हती. क्लच एकदा टाकला की माणूस हँडल सोडून पुढे गेला तरी पाती फिरतच राहत. त्या यंत्रांचे लोखंड आजही उत्तम असेल, पण लिव्हर हाच या यंत्रातील खरा सुरक्षा भाग आहे आणि तो नंतर बसवून घेण्यासारखा नाही.

परिचारिका_बॉस्टन

मी एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करते, म्हणून तुंबलेल्या शूटविषयी थोडे विस्ताराने लिहिते. मोठ्या हिमवर्षावानंतर येणाऱ्या हाताच्या दुखापतींत एक गोष्ट वारंवार ऐकू येते : "इंजिन तर बंद होते." रुग्ण खरेच सांगत असतो. इंजिन बंद असतानाही बोटे जाऊ शकतात, कारण ओला बर्फ इम्पेलरला अडवून धरतो तेव्हा बेल्ट आणि दांड्यात ताण शिल्लक राहिलेला असू शकतो. हाताने बर्फ मोकळा होताच तो ताण सुटतो आणि पाते झटक्यात फिरते. ते एक वेढाही पूर्ण करत नाही, पण बोटांसाठी तेवढे पुरते. दुखापत बहुधा उजव्या हाताला, म्हणजे ज्या हाताने माणूस सगळी कामे करतो त्याच हाताला होते. जाड हातमोज्याने संरक्षण होत नाही. उलट मोजा पात्यात अडकला तर हात त्याच्याबरोबर ओढला जातो.

असे दिवस आधी ओळखता येतात. तापमान गोठणबिंदूच्या जवळ, म्हणजे २८ अंश फॅरनहाइटच्या वर असेल आणि बर्फ जड, जाडजूड असेल, तर शूट तुंबणारच असे गृहीत धरून बाहेर पडावे. तुंबल्यावर दोन्ही लिव्हर सोडावेत, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, सगळे फिरते भाग थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच यंत्राला अडकवलेल्या प्लास्टिकच्या सफाईच्या दांड्याने बर्फ काढावा. दांडा हरवला असेल तर झाडूचा लाकडी दांडा चालतो. हात नाही, आणि पायही नाही. बुटाने लाथ मारून बर्फ पाडणारेही आमच्याकडे येतात.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि तातडीच्या मदतीसाठी ९११ ला फोन करावा. बोटाचा तुटलेला भाग बर्फात पुरून आणू नये. थेट बर्फाने पेशी गोठून मरतात. तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून बंद प्लास्टिक पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. भीतीच्या क्षणी हे आठवत नाही, म्हणून घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

मेधा_न्यूजर्सी

ताई, हे वाचून अंगावर काटा आला, पण लिहिलेत ते फार बरे झाले. आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. या हिवाळ्यात सासूबाई आणि सासरे नाशिकहून चार महिन्यांसाठी येत आहेत. बाबा सत्तरीचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात आणि स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नाही. आम्ही दोघे कामावर गेल्यावर ते स्वतः यंत्र बाहेर काढतील, याची मला खात्री आहे. त्यांना दुखावल्याशिवाय कसे सांगावे?

परिचारिका_बॉस्टन

मेधाताई, हा प्रश्न अनेक घरांत आहे. थंड हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, आणि त्यावर अचानक श्रम पडले की हृदयावरचा भार एकदम वाढतो. फावड्याने बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका येणे ही प्रत्येक हिवाळ्यातली ओळखीची घटना आहे. यंत्राने श्रम कमी होतात, परंतु ते वळवणे, मागे ओढणे आणि दोरी खेचणे यांतही पुष्कळ जोर लागतो. बाबांच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिलेली नसेल तर त्यांनी ते चालवू नये. हे सुनेऐवजी त्यांच्या मुलाने, आणि शक्यतो ते इकडे येण्यापूर्वी फोनवरच सांगितलेले बरे. यंत्राची किल्ली घरात न ठेवता तुमच्यापैकी एकाच्या गाडीच्या चाव्यांना अडकवावी. त्यांना एक खरोखर उपयोगाचे काम मात्र देता येईल : तुम्ही यंत्र चालवत असताना खिडकीतून लक्ष ठेवणे. मुले बाहेर धावत आली किंवा चालवणारा पडला, तर आतल्या माणसाला ते सर्वांत आधी कळते.

कपड्यांविषयीही सांगते. साडीचा पदर, ओढणी, लांब मफलर, जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या यांपैकी काहीही अंगावर असताना यंत्राजवळ जाऊ नये. गळ्याला ऊब हवी असेल तर डोक्यातून घालायचा, टोके नसलेला गळपट्टा घालावा. डोळ्यांना चष्मा आणि पेट्रोलच्या यंत्राजवळ कानांना संरक्षण आवश्यक आहे.

मिनेसोटाकर

आमच्याकडे बर्फ बहुधा कोरडा आणि हलका असतो, त्यामुळे तुंबण्याचा त्रास कमी आणि वाऱ्याचा जास्त. वारा ज्या दिशेला जातो त्याच दिशेला शूट ठेवावे, नाहीतर फेकलेला सगळा बर्फ परत तोंडावर येतो आणि समोरचे काही दिसत नाही. ड्राइव्हवेच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे फेकत जावे, म्हणजे तोच बर्फ दोनदा उचलावा लागत नाही. वारा जोराचा आडवा असेल तेव्हा मात्र वाऱ्याकडील कडेपासून सुरुवात करावी. इंजिन नेहमी पूर्ण वेगावर ठेवावे आणि बर्फ जड वाटला तर चाकांचा वेग कमी करावा. नवे लोक नेमके उलट करतात : इंजिनाचा वेग कमी केला की इम्पेलरची फेक मंदावते आणि शूट चोंदते.

एक फुटापेक्षा जास्त बर्फ पडण्याचा अंदाज असेल तर तो थांबण्याची वाट पाहू नये. सहा इंच साचले की एकदा काढावा, पुन्हा साचला की पुन्हा काढावा. दुप्पट वेळ जातो असे वाटते, पण प्रत्येक फेरीत यंत्र मोकळेपणाने चालते.

बॅटरीच्या यंत्रांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात : धूर नाही, पेट्रोल नाही, आवाज कमी, आणि शहरातील छोट्या ड्राइव्हवेला ती पुरतात. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करू नये आणि गारठलेली बॅटरी कमी वेळ टिकते, म्हणून बॅटऱ्या घरात ठेवाव्यात आणि काम सुरू करतानाच बाहेर न्याव्यात. शूट साफ करण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवणे हे पेट्रोलच्या इंजिनाची किल्ली काढण्याइतकेच बंधनकारक समजावे. हे यंत्र थांबलेले असताना अगदी शांत असते, त्यामुळे ते चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही.

ओन्टारिओवासी (मिसिसागा)

ड्राइव्हवेच्या तोंडाशी नगरपालिकेचा नांगर जो ढीग टाकून जातो, त्याविषयी लिहितो. तो बर्फ दाबलेला, मिठाने ओलसर आणि मधूनमधून बर्फाच्या कठीण ढेकळांचा असतो. त्याला पूर्ण रुंदीने भिडू नये. यंत्राची निम्मी किंवा त्याहून कमी रुंदी त्यात घालत, सर्वांत हळू गिअरमध्ये जावे. तो रात्रभर ठेवला तर सकाळी दगड होतो, म्हणून नांगर गेल्यावर लवकरात लवकर काढावा.

एक युक्ती इथल्या जुन्या शेजाऱ्यांनी शिकवली. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले की आपल्या बाजूचा नांगर डावीकडून उजवीकडे जातो. म्हणून आपला बर्फ शक्यतो उजवीकडे रचावा, आणि ड्राइव्हवेच्या डावीकडे, रस्त्याच्या कडेला, थोडी जागा मोकळी करून ठेवावी. नांगराच्या पात्यावरचा बराचसा बर्फ त्या खळग्यात पडतो आणि आपल्या दारात कमी येतो.

बर्फ रस्त्यावर फेकू नये. ओन्टारिओच्या महामार्ग वाहतूक कायद्यानुसार परवानगीशिवाय तसे करण्यास मनाई आहे, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत व गावांतही तसेच नियम आहेत. अग्निशमनाचा नळ आणि गॅसचे मीटर पुरले जाणार नाहीत हेही पाहावे. रस्त्यालगतच्या ढिगात मुलांना गुहा खणू देऊ नये; नांगर चालवणाऱ्याला आतले मूल दिसत नाही.

उतारावर यंत्र वर-खाली चालवावे, आडवे नेऊ नये. मागे घेताना प्रत्येक वेळी आधी मागे वळून पाहावे, कारण गॅरेजच्या भिंतीच्या आणि हँडलच्या मध्ये माणूस सापडू शकतो.

सरोवरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कार्बन मोनॉक्साइडचा मुद्दा राहिला आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. इंजिन गॅरेजमध्ये सुरू करून गरम होऊ देणे धोक्याचे आहे, मोठे दार पूर्ण उघडे असले तरीही. घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो वायू आत शिरतो आणि त्याला रंग किंवा वास नसतो. यंत्र आधी बाहेर ढकलावे आणि मग सुरू करावे. विजेच्या स्टार्टरची वायर वापरत असाल तर इंजिन सुरू झाल्यावर ती प्रथम भिंतीतील सॉकेटमधून आणि नंतर यंत्रातून काढावी.

याच्याच जोडीला, घराच्या भिंतीतून बाहेर येणारे फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, पांढरे पाइप पाहावेत. आमच्याकडे वाऱ्याने साचलेला बर्फ ते सहज बुजवतो, आणि आपणच शूट त्या बाजूला वळवले तरी तेच होते. ते बुजले तर फर्नेस बंद पडते किंवा धूर घरात परततो. तेथील बर्फ यंत्राने न काढता हाताने, लहान फावड्याने काढावा. डिसेंबर २०२२ च्या वादळात बफेलोत कित्येक कुटुंबे दिवसेंदिवस घरात अडकली आणि रुग्णवाहिकाही पोचू शकत नव्हत्या. अशा वेळी घरातील कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

नवे_घर_रॉचेस्टर

आणखी एक शंका. यंत्र घेतले (२४ इंची, दोन टप्प्यांचे), आणि दुकानदाराने शिअर पिनांचे पाकीट सोबत दिले. या पिना नेमक्या कशासाठी? शेजारी म्हणतात की त्या सारख्या तुटतात, म्हणून त्यांनी साधे पोलादी बोल्ट घातले आहेत आणि तेव्हापासून काही त्रास नाही.

सरोवरकाठ

त्रास अजून व्हायचा आहे. ऑगरची मळसूत्री पाती मधल्या दांड्याला या पिनांनी जोडलेली असतात. पात्यात वर्तमानपत्राचा गठ्ठा, दगड किंवा बर्फाचे ढेकूळ अडकले तर मुद्दाम मऊ ठेवलेली ही पिन तुटते, त्या बाजूचे पाते थांबते आणि दांड्यामागचा गिअरबॉक्स वाचतो. पोलादी बोल्ट तुटत नाही. त्याऐवजी गिअर तुटतो, आणि त्या दुरुस्तीचा खर्च ऐकून अनेक जण नवे यंत्र घेतात. पिन आपल्या मॉडेलसाठी उत्पादकाने सांगितलेलीच घ्यावी, दिसायला सारखी आणि तेवढ्याच जाडीची दुसरी नको. पिना वारंवार तुटत असतील तर दोष पिनांचा नसून बहुधा ड्राइव्हवेवर राहिलेल्या वस्तूंचा, खाली बसवलेल्या तोंडाचा किंवा गोठलेल्या ढिगात घाईने शिरण्याचा असतो.

यातील एक बारकावा पुस्तिकेत असतो, पण फार थोडे लोक पाळतात. पाते दांड्यावर गंजून चिकटले तर पिन तुटूनही पाते थांबत नाही, आणि संरक्षण नाममात्र उरते. म्हणून हंगामापूर्वी इंजिन थंड असताना किल्ली काढावी, स्पार्क प्लगची वायर काढून दूर अडकवावी, दोन्ही बाजूंच्या पिना काढाव्यात आणि पाती दांड्यावर मोकळी फिरतात का ते पाहावे. ऑगरच्या दांड्यावर ग्रीसची तोंडे असतील तर त्यांत ग्रीस भरून पाती हाताने फिरवावीत, म्हणजे ते सगळीकडे पसरते. मग पिना परत बसवाव्यात. पात्याला हात लावण्याची ही एकच रास्त वेळ आहे, आणि तीही प्लगची वायर निघालेली असतानाच.

मेधा_न्यूजर्सी

काम संपल्यावर यंत्र तसेच आत ठेवले तर चालते का? आमचे मागच्या वर्षी गोठून बसले होते.

सरोवरकाठ

काम संपले की बाहेरच, मोकळ्या जागी, ऑगर चालू ठेवून यंत्र दोन-तीन मिनिटे चालवावे, म्हणजे आतला ओला बर्फ उडून जातो. मग इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि शूट व तोंड ब्रशने झाडावे. शूटच्या आतून सिलिकॉनचा स्प्रे मारला तर ओला बर्फ कमी चिकटतो; तो कोरड्या पृष्ठभागावर आणि काम सुरू करण्यापूर्वी मारावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच यंत्र आत न्यावे, आणि ज्या खोलीत गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब आहे तेथे ते ठेवू नये, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरून ज्योतीपर्यंत पोचते.

आत ठेवूनही ते गोठले असेल तर सुरू करून जबरदस्तीने ऑगर लावू नये, बेल्ट जळतो. उबदार जागी बर्फ वितळू द्यावा आणि मगच लिव्हर दाबावा.

एप्रिलच्या अखेरीस, आमच्याकडे कधी कधी मेच्या पहिल्या आठवड्यात, टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. टाकी भरलेलीच ठेवायची असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे द्रव्य) मिसळून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. ऑइल त्याच वेळी बदलावे. शिअर पिना, एक बेल्ट आणि एक स्पार्क प्लग यांची मागणीही तेव्हाच नोंदवावी, कारण पहिल्या मोठ्या वादळाच्या आदल्या दिवशी यांपैकी काहीही आमच्या भागातील दुकानांत मिळत नाही. मॉडेल आणि अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवला तर योग्य भाग मागवताना चूक होत नाही.